गोड वाईनवाली ओलिम्पिया

ओलिम्पिया झुनीनो लग्नाकार्यात स्वयंपाकाला जायची. रोकासेर्ना गावात आणि खाली बोर्मिदा नदीपर्यंतच्या वस्त्यांवर तिच्या हातच्या, मांसाचं सारण भरलेल्या राव्हिओलीशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. तरी तिला बोलावताना लोक जरा जपूनच असत. एकदा एका वरमाईने सारणात मांस कमी आणि पावाचा चुरा जास्त घालायला लावला. ओलिम्पिया "बरं" म्हणाली. पंगतीत त्याच वरमाईच्या ताटातल्या एका राव्हिओलीत अक्रोडाचं अख्खं टरफल निघालं. दात थोडक्यात वाचला. ओलिम्पिया धावत आली, कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! मांसाच्या जागी काहीतरी भरायला हवं होतं ना, घाईत हेच गेलं वाटतं!"

बुटकी, रुंद, केसांचा अंबाडा कायम एका बाजूला कललेला. हसताना तोंडातून आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. ओलिम्पियाचे खांदे हलताना दिसले, की माणसं आपापली टोपी डोक्यावर आहे ना, हे चाचपून पाहायची.

नवरा सेकोन्दो तरुणपणीच छातीच्या तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं एक घर, त्याखाली थंडगार तळघर, आणि टेकडीच्या दक्षिण उतारावर द्राक्षवेलींच्या मोजक्याच ओळी. त्या वेली ब्राकेत्तोच्या. या द्राक्षाची वाईन लाल, गोड आणि जिभेवर चुरचुरणारी. बाटलीचं बूच काढलं की खोलीत कुणी गुलाब आणि स्ट्रॉबेरी एकाच टोपलीतून आणल्यासारखा वास सुटायचा. पण वेल मोठी नखऱ्याची. घोस लहान, रस कमी, रोग आला तर पहिला हिला. गावात इतरांनी ती केव्हाच उपटून बार्बेरा लावली होती. बार्बेरा म्हणजे आंबट, कडक, राकट वाईन, पीकही भरघोस. सेकोन्दोने ब्राकेत्तो का ठेवली, याचं मोठं कारण काही नव्हतं. त्याला गोड आवडायचं, एवढंच.

सेकोन्दोला मातीआड करून लोक परतले, त्याच आठवड्यात शेजारचा तेरेसियो रापेत्ती कुंपणाशी येऊन उभा राहिला. हा शाळेपासूनचा सोबती. सडाफटिंग. पलटणीत एका साहेबाचा अर्दली होता, त्यामुळे अंगात टापटीप मुरलेली. त्याच्या मिशा, त्याची फावडी, त्याच्या बागेतल्या दोऱ्या, सगळं एका रेषेत.

"ओलिम्पिया," तो गंभीरपणे म्हणाला, "तुला एकटीला हे झेपायचं नाही. उपटून टाक तो गोड कचरा. बार्बेराची रोपं मी देतो. लावूनसुद्धा देतो."

खरं तर आदल्या रात्री ओलिम्पियाच्याही मनात तेच आलं होतं. पण तेरेसियोच्या तोंडून ऐकल्याबरोबर तिचं मत फिरलं.

"कचरा काय रे मेल्या?"

"कचराच. सरबत आहे ते. वाईन पिताना माणसाचं तोंड वाकडं व्हायला हवं."

"तुझं तर न पिताच आहे," ओलिम्पिया म्हणाली, आणि ब्राकेत्तोच्या वेली राहिल्या त्या राहिल्याच.

तेव्हापासून दोघांचं जे जुंपलं, ते गावाच्या करमणुकीचं एक साधनच होऊन बसलं. तेरेसियो बार्बेरावाल्यांचा म्होरक्या. चर्चमागच्या अंगणात लाकडी गोळे खेळणारी ती सगळी मंडळी ब्राकेत्तोला 'बाळंतिणीची वाईन' म्हणायची. तेरेसियो तर सूपमध्येही बार्बेरा ओतून प्यायचा आणि वर म्हणायचा, "गोड खायचं असेल तर माणसाने मधमाशीच्या पोटी जन्म घ्यावा." ओलिम्पिया उत्तर द्यायची, "आणि आंबट प्यायचं असेल तर तुझं तोंड बघावं, वाईन कशाला?"

लढाईच्या दिवसांत परके शिपाई घरोघरी वाईन उपसत फिरले, तेव्हा तेरेसियोचं तळघर रिकामं झालं. ओलिम्पियाच्या दारात ते आले, तेव्हा तिने एक पेला भरून पुढे केला आणि पोटावर हात फिरवत, बोटं वळवळवून दाखवलं की हे जंतांचं औषध आहे. शिपायाने वास घेतला, गोड घोट जिभेला लागला, आणि त्याला आईने लहानपणी पाजलेलं काहीतरी आठवलं असावं. पेला तिथेच ठेवून सगळे चालते झाले. ही हकिकत ती पुढे वर्षानुवर्षं तेरेसियोच्या देखत सांगायची. त्यावर "शत्रूलासुद्धा कळलं, कुठली वाईन घ्यायची ते!" तेरेसियो ओरडायचा. पण त्या हिवाळ्यात गावात ख्रिसमसला जी वाईन होती, ती ओलिम्पियाने घरोघरी वाटलेली तेवढीच होती, हे त्यालाही माहीत होतं.

लढाई संपून काही वर्षं लोटल्यावर एका उन्हाळ्यात ओलिम्पियाच्या तळघरातल्या बाटल्या कमी होऊ लागल्या.

ब्राकेत्तोचं असं असतं, की वसंतात बाटलीत भरली तरी तिच्यातली साखर स्वस्थ बसत नाही. आतल्या आत फसफसत राहते. म्हणून बूच दोरीने आवळून बांधायचं आणि बाटल्या तळघरात वाळूत पुरून थंड ठेवायच्या. तरी ऑगस्टमध्ये एखादी फुटतेच. ओलिम्पियाला आधी वाटलं, फुटल्या असतील. पण काचा नव्हत्या. उंदीर बूच कुरतडतात, बाटली नेत नाहीत. मग तिने गावच्या चर्चमधल्या फादर एव्हाज्योंवर संशय घेतला, कारण माणूस गोडघाशा होता. पण फादरांना गुडघेदुखीमुळे तळघराच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या.

चोर सापडला तो वाळूमुळे. ओलिम्पिया बाटली उपसली की खड्डा तसाच ठेवून वर यायची. तिचं तळघर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण. एके सकाळी ती खाली उतरली, आणि बघते तर कोपऱ्यातली वाळू सपाट! नुसती सपाट नाही, हाताने दाबून, कडेची रेघसुद्धा सरळ करून ठेवलेली. खाली पडलेली एक जुनी दोरी कुणीतरी गुंडाळून, टोक आत खोचून खिळ्याला अडकवली होती.

अशी दोरी गुंडाळणारा गावात एकच माणूस होता.

दोन्ही तळघरांमधल्या भिंतीत हवेसाठी एक झरोका होता. जाळी हलवून पाहिली तर ती अलगद हातात आली. तिचे खिळे काढून, पुसून, जाळीच्या कडेला ओळीने ठेवले होते.

ओलिम्पिया तिथेच वाळूवर बसली. खांदे इतके हलले, की अंबाडा सुटून पाठीवर पडला. वर्षानुवर्षं 'सरबत' म्हणून नाक मुरडणारा तेरेसियो रापेत्ती, मिशांना मेण लावणारा, बार्बेरावाल्यांचा सेनापती, झरोक्यातून पोटावर सरपटत येऊन बाळंतिणीची वाईन पळवत होता!

दुसरी कुणी असती तर चव्हाट्यावर गेली असती. ओलिम्पियाने तसं केलं नाही. चोराला पकडायला शिपाई असतात, तिला चोराची गंमत बघायची होती. तिने एक चांगली तट्ट भरलेली बाटली निवडली, माळ्यावर उन्हाने तापलेल्या कौलांखाली ठेवली, येता-जाता हलवली, बुचावरची घट्ट दोरी काढून तिथे कुजकी दोरी सैलसर बांधली, आणि तळघरात झरोक्याच्या अगदी तोंडाशी वाळूत रोवून ठेवली. तेरेसियो आपल्या आरशासारख्या स्वयंपाकघरात बसून ती उघडेल, आणि छतापासून मिशांपर्यंत सगळं लाल होईल, असा तिचा बेत.

बेत झाला, पण जागा भलतीच निघाली.

त्या दिवशी गावच्या संताचा, सान रोक्कोचा उत्सव होता. गावाची मोठी मिरवणूक दुपार कलल्यावर निघायची. सान रोक्कोची लाकडी मूर्ती, मांडीवर जखम, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा, आणि ती खांद्यावर वाहणारे चार जण पांढऱ्या झग्यांत. पुढच्या उजव्या खांद्याचा मान तेरेसियोचा, बापाकडून आलेला. जेवणं उरकून गाव आडवं झालं होतं. ओलिम्पिया बेकरीवाल्या क्लेलियाकडे भट्टीतून हेझलनटचा केक काढायला गेली होती. तेरेसियोने ती वेळ साधली.

नेमका तेव्हाच डोंगरामागून काळा ढग वर आला. गारा पडल्या तर मूर्तीचा रंग जाईल म्हणून फादर एव्हाज्योंनी मिरवणूक लवकर काढायचं ठरवलं आणि घंटा बडवायला लावली. उरलेले तिघे वाहक थेट तेरेसियोच्या दारात. "तेरेसियो! अरे चल, चल! फादर ओरडताहेत!"

तेरेसियो नुकताच झरोक्यातून परतला होता. हातात बाटली. ठेवायला जावं तर तिघे घरात घुसलेले. त्याने पाठ फिरवली, बाटली कोटाच्या आतल्या खिशात कोंबली, वरून पांढरा झगा चढवला आणि घाम पुसत बाहेर पडला.

मिरवणूक उतारावरून निघाली. पुढे बँड, मग मूर्ती, मग फादर, मग मेणबत्त्या घेतलेल्या बायका. ढग तसाच लोंबकळत होता, पण पडत नव्हता. नुसती कोंदट उष्णता. ओलिम्पिया क्लेलियाच्या शेजारून चालली होती.

"आज तेरेसियोचं काय बिघडलंय गं?" क्लेलिया कुजबुजली. "पाय असे ठेवतोय, जणू काही अंड्यांवर चालतोय."

ओलिम्पियाने मान उंचावून पाहिलं. झग्याला छातीपाशी फुगवटा आलेला दिसला. "देवा सान रोक्को," ती पुटपुटली, "इथे नको रे. त्याच्या स्वयंपाकघरात म्हटलं होतं मी."

सान रोक्कोने ऐकलं नाही. चौकातल्या दगडी पायरीवर चौघांनी एकदम पाऊल टाकलं, मूर्ती हिंदकळली आणि 'फट्ट' असा आवाज झाला. बूच झग्याच्या गळ्यातून उडून तेरेसियोच्या हनुवटीवर आदळलं. तो "आई गं!" म्हणत मटकन खाली बसला. बाकीच्यांनी मूर्ती कशीबशी सावरली. आणि सगळ्या गावादेखत तेरेसियोच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर, बरोबर काळजापाशी, लालभडक डाग पसरू लागला.

"गोळी! गोळी घातली!" क्लेलिया किंचाळली.

बँड थांबला. एकटा ढोलवाला बहिरा असल्यामुळे थोडा वेळ बडवत राहिला. बायका गुडघ्यांवर बसल्या. एक म्हातारी सान रोक्कोच्या मांडीवरच्या जखमेकडे बोट दाखवून ओरडली, "देवाची जखम तेरेसियोच्या अंगात आली! चमत्कार!" लगेच दोघीतिघींनी रुमाल काढून त्या डागाला लावायला सुरुवात केली. तेरेसियो डोळे मिटून पडला होता. मेलो तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण डाग वाढत होता, त्याला फेस येत होता, आणि चौकभर गुलाबांचा वास दरवळायला लागला होता.

"फुलांचा वास!" म्हातारी हुंदके देत म्हणाली. "संतांच्या देहाला असाच येतो!"

फादर एव्हाज्यो दुखरे गुडघे टेकून वाकले. त्यांनी वास घेतला. एक बोट डागावर टेकवून ओठाला लावलं. मग पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा गंभीरच राहिला, पण डोळ्यांचे कोपरे हलले.

"ओलिम्पिया," त्यांनी मागे न बघताच हाक मारली, "जरा पुढे येतेस का?"

ओलिम्पिया पुढे आली. तेरेसियोने एक डोळा उघडला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं होतं, तुच्छतेने पाहिलं होतं. आज तो तिच्याकडे मारक्या मालकाच्या कुत्र्यासारखा बघत होता. बार्बेरावाली सगळी मंडळी टोप्या हातात घेऊन भोवती उभी. एक शब्द, आणि तेरेसियो रापेत्ती मरेपर्यंत गावात मान वर करू शकला नसता.

शब्द तिच्या जिभेवर होता. चविष्ट होता. पण त्या डोळ्याकडे बघता बघता तिने तो गिळला. मेलेल्याला काय मारायचं? जिवंत राहिला तर पुष्कळ दिवस पुरेल.

"चूक माझी, फादर," ती म्हणाली. "देवापुढे ठेवायला म्हणून मीच एक बाटली तेरेसियोकडे दिली होती."

"देवापुढे ठेवायला," फादर म्हणाले. "कोटाच्या आत?"

"उन्हाने बिघडेल म्हणून म्हटलं, सावलीत ने."

"आणि तेरेसियोने तुझी बाटली न्यायचं कबूल केलं? या तेरेसियोने?"

"देवासाठी माणूस काय नाही करत, फादर."

फादरांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं, खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि बँडला हात केला. मिरवणूक पुढे गेली. तेरेसियो तसाच लाल छाती घेऊन खांदा देत चालला. ज्यांनी रुमाल भिजवले होते, त्यांनी ते घरी नेले ते नेलेच. वाईन आहे म्हणून कळलं तरी टाकायला कुणी तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलिम्पियाच्या दारावर थाप पडली. तेरेसियो उभा. हनुवटीवर बोराएवढं टेंगूळ, हातात टोपी.

"ती दोरी कुजकी होती," तो म्हणाला.

"होती ना. मीच बांधली होती."

"माणूस मेला असता!"

"चोर मेला असता," ओलिम्पिया म्हणाली. "आत ये. दारात उभा राहून ओरडू नकोस, क्लेलियाला ऐकायला त्रास होतो."

तो आत येऊन बसला. मेजावरचे पावाचे कण हाताने गोळा करून त्याने एका कडेला रचले. ओलिम्पिया बघत होती.

"कधीपासून आवडायला लागली?" तिने विचारलं.

"लढाईतला तो ख्रिसमस," तो मेजाकडे बघत म्हणाला. "तू घरोघरी दिली होतीस. मी म्हटलं होतं, ओतून टाकणार."

"मग?"

"ओतली. घशात." त्याने वर पाहिलं. "पण तू हे कुणाला सांगितलंस, तर मी आक्वीच्या गरम झऱ्यांपाशी राहायला जाईन. गंधकाच्या वासात मरेन."

"सांगत नाही. पण एका अटीवर. सप्टेंबरात तुझ्या बार्बेरावाल्यांचं जेवण असतं ना, द्राक्षं तोडायच्या आधीचं? यंदा स्वयंपाक माझा. आणि पहिल्या ताटापासून शेवटच्या ताटापर्यंत वाईन माझी. तू त्यांना सांगायचंस."

तेरेसियो उठून उभा राहिला. "ते मला नदीत फेकतील!"

"पोहता येतं तुला."

"केकाबरोबर एक पेला, ठीक आहे. पण जेवणाला? मांसाच्या सलामीबरोबर गोड? माणसं आहेत ती, ओलिम्पिया, मुंग्या नाहीत!"

"झरोका मी अजून बुजवलेला नाही," ती शांतपणे म्हणाली. "फादरांना सांगू? त्यांना खिळ्यांची ओळ फार आवडेल."

तेरेसियो खाली बसला.

जेवण तेरेसियोच्याच अंगणात, अंजिराच्या झाडाखाली झालं. बार्बेरावाले आले, बसले, आणि पेल्यातला रंग पाहून हबकले. मिरवणुकीबद्दल सान रोक्कोला नवस फेडायचा आहे, असं तेरेसियोने खोटंच सांगितलं होतं. नवस म्हटल्यावर कुणाला बोलता येईना, तरी कुरकुर चाललीच. "बाळंतपण कुणाचं आहे रे, तेरेसियो?" एकाने विचारलं. "तुझंच दिसतंय. त्या दिवशी झगा फुगलेला होता."

ओलिम्पिया स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. पहिल्यांदा तिने घरची कच्ची सलामी पाठवली. तिच्यात मीठ आणि मिरी मुद्दाम चढी. मंडळींनी चार तुकडे खाल्ले आणि तहानेने पेल्याकडे हात नेला. त्या खारट चरबीवर तो थंड, गोड, चुरचुरणारा घोट उतरला, आणि कुरकुर जरा खाली बसली. मग तिने तळणीचं मोठं ताट बाहेर काढलं: काळजाचे तुकडे, सॉसेज, सफरचंदाच्या चकत्या, गोड रव्याच्या वड्या, सगळं कुरकुरीत तळून एकत्र. "यात गोड आधीच आहे," बँडमधला तुतारीवाला विचार करत म्हणाला, "म्हणजे हिच्यात गोड असलं तर काय बिघडलं?" आणि त्याने पेला पुढे केला.

तिथे ओलिम्पियाचा तोल गेला. सगळं जमतंय म्हटल्यावर तिला चेव आला. लसूण आणि खारवलेल्या मासळीची तेलात उकळलेली चटणी तिने मातीच्या भांड्यात, खाली निखारे घालून आणली, बुडवायला भाजलेल्या मिरच्या दिल्या, आणि म्हणाली, "प्या हिच्यावर." मंडळी प्यायली. एकाचे डोळे पाणावले. गुलाब, लसूण आणि खारी मासळी एकाच वेळी घशात उतरणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. ओलिम्पियाने स्वतः घोट घेतला आणि तिचंही तोंड फाटक्या पिशवीसारखं झालं.

"वाहवा," तेरेसियो खुशीत म्हणाला. "शेवटी तोंड वाकडं करणारी वाईन झाली एकदाची!"

सगळे पोट धरून हसले. ओलिम्पियाचेही खांदे हलले. तेवढं चुकलं हे तिने कबूल केलं आणि सरळ जाऊन तेरेसियोच्याच तळघरातून बार्बेराची बाटली आणून त्या चटणीबरोबर दिली. मंडळींना हायसं वाटलं. वातावरण असं मोकळं झाल्यावर मग तिने हळूच निळ्या शिरांचं झोंबणारं चीज ठेवलं, शेळीच्या दुधाचं रोबिओला नावाचं मऊ चीज, त्याच्यावर द्राक्षाचा रस आटवून केलेला मुरंबा. शेवटी हेझलनटचा केक, आणि पिकलेल्या पीचच्या फोडी थेट ब्राकेत्तोच्या पेल्यात टाकून. आता कुणी नवसाचं नाव काढत नव्हतं. बाटल्या मागायला एकेक जण स्वयंपाकघराच्या दारात येऊ लागला. "ओलिम्पिया, म्हणजे मला नको, पण बायको विचारतेय म्हणून…" असं म्हणत.

तुतारीवाल्याने मग चमचा पेल्यावर वाजवला. "तेरेसियो, खरं सांग. तुला आवडली की नाही?"

सगळे थांबले. ओलिम्पिया हात पुसत दारात येऊन उभी राहिली. हाच तो क्षण, ज्यासाठी तिने सगळा घाट घातला होता.

तेरेसियो उठला. मिशा पुसल्या. "मला?" तो म्हणाला. "सरबत आहे. पण पाहुणीचा मान राखायला हवा." आणि त्याने पेला एका दमात संपवून, तोंडावर अपार दुःख आणून, पुन्हा भरून घेतला. मग आणखी एकदा मान राखला. संध्याकाळपर्यंत तो मान राखत राहिला, आणि शेवटी अंजिराच्या झाडाला मिठी मारून त्याचाही मान राखू लागला, तेव्हा त्याला उचलून घरात नेऊन निजवावं लागलं.

"फसवलंस मला," दुसऱ्या दिवशी ओलिम्पिया कुंपणावरून म्हणाली.

"मी काय म्हणायचं, ते ठरलं कुठे होतं?" तेरेसियो कपाळाला ओला रुमाल बांधून बसला होता. "आणि जरा हळू बोल."

त्या हिवाळ्यात वेली छाटताना ओलिम्पियाच्या लक्षात आलं, की कुंपणाशी टाकलेल्या ब्राकेत्तोच्या काड्यांचा ढीग रोज थोडा कमी होतोय. दुसऱ्या दिवसापासून चांगल्या, निरोगी, योग्य लांबीच्या काड्या ती वेगळ्या काढून ढिगाच्या वर ठेवू लागली. वसंतात तेरेसियोने घरामागच्या उतारावरच्या बार्बेराच्या दोन ओळी उपटल्या. कुणी विचारलं की सांगायचा, "भाजी लावणार आहे." तिथे भाजी कधीच उगवली नाही.

क्लेलियाने तोवर गावभर दोघांचं लग्न लावून टाकलं होतं. एका रविवारी जेवताना तेरेसियोनेही विषय काढला. रविवारी तो आता ओलिम्पियाकडेच जेवायचा, येताना आपली बार्बेरा घेऊन आणि जाताना तिची ब्राकेत्तो पिऊन. तो खूप वेळ काटे-चमचे सरळ करत राहिला, मग म्हणाला, "लोक म्हणतात, मधली भिंत पाडली तर तळघर मोठं होईल."

"पाडायची काही गरज नाही," ओलिम्पिया म्हणाली. "झरोका आहे की. आणि लग्न केलं तर माझी वाळू रोज सपाट होईल. मला नाही चालायचं."

तेरेसियोला वाईट वाटलं की हायसं, ते त्याच्या मिशांवरून कळलं नाही. त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला.

भाजीच्या ओळींना फळ धरायला काही वर्षं गेली. पहिली वाईन झाली, तेव्हा तेरेसियो बाटली कापडात गुंडाळून ओलिम्पियाकडे आला. या वेळी पुढच्या दाराने. बुचावरची दोरी इतकी नीट बांधलेली, की सोडायलाच वेळ लागला. त्याने ओतली आणि हात मागे बांधून अर्दलीसारखा उभा राहिला.

ओलिम्पियाने वास घेतला. गुलाब होता. स्ट्रॉबेरी होती. जिभेवर फेस नीट फुटला, आणि गोडी अशी येऊन गेली, की मागे तोंड स्वच्छ. वाईन चांगली होती. तिच्यापेक्षा चांगली होती की काय, अशी शंका तिला आली, आणि त्या शंकेचा तिला इतका राग आला, की तिने आणखी एक घोट घेऊन खात्री करून घेतली.

"काय?" तेरेसियोने विचारलं.

"ठीक आहे," ओलिम्पिया म्हणाली. "कोंबड्यांना चालेल."

"कोंबड्यांना?"

"आजारी कोंबड्यांना," ती म्हणाली, आणि रिकामा पेला त्याच्यापुढे सरकवला. "ओत. एका घोटात काही नक्की सांगता येत नाही."